भोईर काकांनी तपासलेली शाळा

भोईर काकांनी माझ्या हातची पहिलीच पोळी कॅलिपरने मोजली होती. कारखान्यात लोखंडी नगांची जाडी मोजतात ना, त्याने. कडेला एकदा, मध्ये एकदा. मग पोळी ताटलीत परत ठेवून म्हणाले, "काठ जाड हाय. रिवर्क." म्हणजे पुन्हा करून आण. मी दाराशीच उभी. रडावं की हसावं कळेना. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्या त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या आणि "पास" म्हणाले. तेव्हापासून त्यांच्याकडे दोन वेळच्या पोळ्या माझ्याच जातात.

काका बदलापूरला, कात्रपमध्ये, आमच्या शेजारच्या खोल्यांत एकटे राहतात. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासला. बरोबर असेल तर पास, नसेल तर रिजेक्ट, शंका असेल तर होल्ड. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट होते. सोसायटीच्या लिफ्टचं बटण तीन महिने होल्डवर होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा होणारा जावई पेढे घेऊन आला, तर त्याच्याशी दोन मिनिटं बोलून काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पास. पण पॉलिश बाकी हाय." जावयाने त्यांनाही पेढा दिला. पेढा मात्र रिजेक्ट झाला.

पण त्यांचा खरा हात शाळा तपासण्यात. आमच्या इमारतीत कोणाचं पोर शाळेत घालायचं असलं की आईबाप आधी काकांकडे येतात. काका शाळेचं चकचकीत पुस्तक उघडतसुद्धा नाहीत. "हा नुसता रंग झाला," म्हणतात. शाळा सुटायच्या वेळी जाऊन फाटकाबाहेर उभे राहतात. वॉचमनला पोरांची नावं माहीत आहेत का, कोणी पडलं तर आधी कोण धावतं, न्यायला उशीर झालेल्या पोराजवळ कोण थांबतं. मग आत जाऊन नळाचं पाणी स्वतः पितात. एका शाळेत वॉचमनला वाटलं, खात्याचे साहेबच आले. त्याने धावत खुर्ची आणून दिली. काकांनी खुर्चीही हलवून बघितली.

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही एका काचेच्या शाळेत गेलो होतो. टेबलामागच्या बाईंनी मला विचारलं, "आईचं शिक्षण किती?" मी चौथी म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. काका म्हणाले, "ॲडमिशन पोरीची हाय का आयची?" आणि उठले. "रिजेक्ट. चल गो मंगल."

रस्ताभर मला वाटत होतं की मीच रिजेक्ट झाले. रिक्षात बसल्यावर ते पुढे बघतच म्हणाले, "शाळा रिजेक्ट झाली. तू नाय."

काकांचा मुलगा नितीन फ्रान्सला आहे, कंपनीच्या कामावर. बायको, आणि सहा वर्षांची ओवी. नितीनचं काम दोन वर्षांचं होतं, त्यातलं एक संपत आलं होतं. ओवीची पहिली सुरू व्हायची होती. त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, तीन शाळा आहेत. एक पूर्ण फ्रेंच, एक पूर्ण इंग्रजी, आणि एक अर्धी फ्रेंच अर्धी इंग्रजी. आम्हाला काही सुचत नाही. तुम्ही बघा."

बघा म्हटल्यावर काकांना आणखी काय हवं होतं. चार दिवस ते धावत होते. पाचव्या दिवशी फाइल तयार. रेशनकार्डाची झेरॉक्स, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, लसींचं कार्ड, ओवीचे बारा पासपोर्ट फोटो, आणि सगळ्यांत वर नगरसेवकाचं पत्र, की सदर कुटुंब माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. फोनच्या कॅमेऱ्यापुढे एकेक कागद धरून त्यांनी नितीनला दाखवला.

नितीनने कपाळाला हात लावला. "बाबा, फ्रान्समध्ये नगरसेवकाचं पत्र?"

"गोल शिक्का हाय त्यावर. गोल शिक्का सगळ्या देशात चालतो."

"आणि जातीचा दाखला?"

"असू दे. ऐन वेळेला मागितला तर तू बदलापूरला धावशील का?"

मग फाटकाची तपासणी. आपल्याकडे बारा वाजत आले की तिकडे शाळा भरते. काकांचं म्हणणं, नितीनने फोन धरून फाटकासमोर उभं राहावं. नितीन म्हणाला, "इथे पोरांचा असा व्हिडिओ काढला तर पोलीस येतील." शेवटी नितीनने नुसतं बोलून सांगायचं ठरलं. रोज मी पोळ्या द्यायला गेले की काका वही घेऊन बसलेले.

"वॉचमन?"

"वॉचमन नाही बाबा. दोन भाषांच्या शाळेत हेडबाई स्वतः दारात उभ्या राहतात. रोज."

"खुर्चीवर?"

"उभ्या."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग वहीत 'उभ्या' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पूर्ण फ्रेंच शाळा लवकरच बाद झाली. एका वर्गात फार पोरं होती. राहिल्या दोन. तेव्हा नितीनने खरी गोष्ट सांगितली. फोनचा आवाज मोठा असतो काकांचा, मला ऐकू आलं. "बाबा, इंग्रजी शाळेत घातली तर वर्षाने आम्ही परत येऊ, ओवी बदलापूरच्या शाळेत सहज बसेल. दोन भाषांच्या शाळेत घातली तर मधूनच काढता येणार नाही. पाच वर्षं तरी राहावं लागेल. कंपनी मुदत वाढवून द्यायला तयार आहे. तुम्ही म्हणाल तसं."

मी मनात म्हटलं, झालं. आता इंग्रजी पास. काका म्हणाले, "दोन्ही होल्ड."

दोन्ही शाळांनी ओवीला एकेक सकाळ बसायला बोलावलं होतं. इंग्रजी शाळेत ती नीट बसली, नीट घरी आली. आता आपण पास म्हणू, असं काकांच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या शाळेच्या दिवशी फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"दारातच रडायला लागली," नितीन सांगत होता. "आत जाईना. मग त्या हेडबाई खाली गुडघ्यावर बसल्या. मला विचारलं, तुमच्या भाषेत बोलवताना काय म्हणता? मी म्हटलं, ये. तर त्या ओवीला 'ये, ये' म्हणत, पाठीमागे पाठीमागे सरकत आत घेऊन गेल्या. दुपारी न्यायला गेलो तर ही यायला तयार नाही."

काकांनी वही मिटली. फोन ठेवून आत गेले. पुढचे आठ दिवस पोळ्या न बघताच घेतल्या. मी एक दिवस मुद्दाम काठ जाड ठेवला. तो तसाच खाल्ला त्यांनी. मला ते बघवेना.

"काका, बरं नाही का?"

"माल चांगला हाय गो, मंगल," ते म्हणाले. "चांगल्या मालाला रिजेक्ट कसा मारू? कुठला दोष दाखवू?"

दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्यांनी स्वतःहून नितीनला फोन लावला. "दोन भाषांची पास. मुदत वाढवून घे. आणि त्या बाईला सांग, गुडघ्याखाली गोणपाट घेत जा, थंडी असेल तिकडे." एवढं बोलून फोन बंद.

मग त्यांनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "आपल्या कोपऱ्यावरच्या शाळेत देऊन ये. ऑफिसात सांग, जागा सोडली. कोणाचं तरी पोर बसेल. मी गेलो तर बाई बसवून घेतील, चहा पाजतील. मना ते नको."

शाळेच्या ऑफिसात एकटीने जायचं म्हणजे मला ती काचेची शाळा आठवते. पण नाही म्हणवेना. जिन्यात पाकीट उघडं होतं म्हणून पाहिलं. दुसरीचा फॉर्म, पुढच्या वर्षाचा. ओवी नितीन भोईर. पत्ता आमच्याच इमारतीचा. सगळं काकांच्या अक्षरात, रेघेला रेघ लागून. खाली छापलं होतं, 'शाळा सुटल्यावर पाल्यास नेण्यासाठी कोण येईल?' तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'आजोबा.' आणि पुढे, विचारलेलं नसताना, 'दहा मिनिटं आधीच येतील.'

ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म उलटासुलटा केला. "एवढे दिवस जागा धरून ठेवली होती आम्ही. का सोडता?"

"मुलीला दुसरीकडे मिळाली," मी म्हटलं. आवाज निघाला माझा.

"ती शाळा चांगली आहे का?"

"हो," मी म्हटलं. "आजोबांनी तपासलीय."