लाल पिशवीवाले गृहस्थ

सर्व्हेअर किनाऱ्यावर चटई टाकून बसले होते आणि शेजारच्या चटईवर एक लाल पिशवी होती. पिशवी त्यांची नव्हती. मालकीणबाई पोहायला गेल्या होत्या आणि त्या परत येईपर्यंत पिशवीवरची नजर काढायची नाही, एवढंच काम त्यांच्याकडे होतं. सुट्टीवर आल्यापासून हे काम ते रोज करत होते. खरं सांगायचं तर या सुट्टीत त्यांना दुसरं काही करावंसं वाटतही नव्हतं.

सुरुवात अगदी साधी झाली होती. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "जरा सामानाकडे बघता का? मी पोहून येते." त्या परतल्यावर यांनी त्यांना तेच विचारलं. दोघंही एकटेच आलेले आणि दोघांचाही जगावर विश्वास बेताचाच. सामान उघड्यावर टाकून पाण्यात जाणं दोघांनाही जमण्यातलं नव्हतं. तेव्हापासून एकजण पाण्यात, तर दुसरा वाळूवर अशी पाळी लागली. त्यामुळे झालं असं, की दोघं मिळून पाण्यात कधी गेलेच नाहीत. एक ओला होऊन येणार, दुसरा ओला व्हायला निघणार, त्या मधल्या वेळात काय बोलणं होईल तेवढं.

"पाणी कसं आहे?"

"गार आहे. पण सवय होते."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी कामधंद्यावर आली. हे विमा कंपनीचे सर्व्हेअर. कुठे आग लागली, गोदामात पाणी शिरलं, दुकान फुटलं की तिथे जाऊन नुकसान खरं किती आणि सांगितलेलं किती, ते बघायचं. बाई भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. "माझे पेशंट झोपलेले असतात," त्या म्हणाल्या. "जागे झाले, बोलायला लागले, की दुसऱ्या डॉक्टरांचे. मला ते बरं पडतं."

"घरी कोण असतं?" सर्व्हेअरांनी विचारलं होतं.

"मी असते."

उत्तर पूर्ण होतं, म्हणून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरीही तेच उत्तर होतं. बायको सोडून गेली त्याला बरीच वर्षं झाली. जाताना ती म्हणाली होती, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी पुरावे गोळा करावे लागतात." ते त्यांना पटलं होतं. पटलं असं म्हणायचं मात्र राहून गेलं, आणि ते राहिलेलं त्यांना अजून खात असे.

तर आजचा दिवस महत्त्वाचा होता. बाई उद्या सकाळी निघणार होत्या आणि सर्व्हेअरांना त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी उशीर झाल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर तर विचारणं म्हणजे काहीतरी जाहीर करण्यासारखंच झालं. आज विचारलं नाही तर विषय संपला, हे त्यांना पक्कं कळत होतं. म्हणून बाई पाण्यात शिरल्यापासून ते वाक्य घोळवत होते. "आपलं शुभनाव?" हे बँकेतल्यासारखं वाटत होतं. "नाव काय तुमचं?" हे पोलिसी. शेवटी "इतके दिवस झाले, पण नाव विचारायचं राहूनच गेलं बघा" हे त्यांना पसंत पडलं. त्यातलं "बघा" सहज यायला हवं होतं. ते येईना, म्हणून त्यांनी डोळे मिटून सराव सुरू केला.

त्याच वेळी भरतीची पहिली मोठी लाट वर आली आणि लाल पिशवीखालून जाऊन परत गेली.

सर्व्हेअरांनी झडप घालून पिशवी उचलली. खालून पाणी गळत होतं. माल भिजला की पहिल्या तासात वाळवला तर वाचतो, ही त्यांची जन्मभराची शिकवण. पण पिशवी उघडणं कालत्रयी शक्य नव्हतं. बाईंची पिशवी, तीही नाव न विचारलेल्या बाईंची. विचार करता करता त्यांना रस्त्यापलीकडचं सार्वजनिक स्वच्छतागृह आठवलं. तिथे भिंतीवर हात वाळवायचं गरम हवेचं यंत्र होतं.

आता बाकीचं सामान मागे सोडून जायचं, तर ते कोण बघणार? त्यांनी दोन्ही चटया गुंडाळल्या, दोन्ही टॉवेल, स्वतःचं पुस्तक, बाईंच्या चपला, सगळं गोळा केलं आणि निघाले. जबाबदार माणूस असल्यामुळे त्यांनी मागे काडीसुद्धा ठेवली नाही.

त्यानंतर किनाऱ्यावर काय झालं ते त्यांना नंतर समजलं. बाई पाण्यातून बाहेर आल्या, तर जागेवर नुसती ओली वाळू. त्या तशाच अनवाणी जीवरक्षकाच्या मनोऱ्यापाशी गेल्या. जीवरक्षक निवृत्तीला आलेला, फार गंभीर माणूस होता.

"माझ्या शेजारचे गृहस्थ दिसत नाहीत," बाई म्हणाल्या.

"आणि सामान?"

"तेही नाही."

"सामान घेऊन कोणी बुडत नाही," जीवरक्षक म्हणाला. "म्हणजे चोरी. नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही."

"ओळख कधीपासूनची?"

"आठवड्याची. पेशा माहीत आहे. चोऱ्यांची चौकशी करतात."

"मग त्यांना सगळं येतच असणार," असं म्हणून जीवरक्षकाने लाउडस्पीकर सुरू केला. मध्यम उंची, पन्नाशीचे, निळा शर्ट, अर्धी विजार, चष्मा. दहा मिनिटांत लोकांनी तसे चार गृहस्थ आणून बाकावर बसवले. एकाच्या हातात तर लाल पिशवीही होती, पण ती त्याच्या बायकोची निघाली आणि बायकोही मागोमाग आली. तिने सगळ्यांची चांगलीच खरडपट्टी काढली.

"असं चालायचं नाही," जीवरक्षक बाईंना म्हणाला. "पन्नाशीचे सगळे असेच दिसतात. नेमकं काहीतरी सांगा. जे फक्त त्यांच्यातच आहे."

इकडे सर्व्हेअर यंत्राखाली पिशवी धरून उभे होते. यंत्र थोडा वेळ घरघरे आणि बंद पडे. मग पुन्हा हात खाली न्यावा लागे. त्यांच्यामागे एक जाडजूड गृहस्थ ओले हात धरून ताटकळत होते.

"पिशवी मिसेसची का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ओळखीच्या आहेत."

"कोण?"

"ते आज विचारणार आहे."

जाडजूड गृहस्थांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. तेवढ्यात यंत्र बंद पडलं आणि बाहेरचा आवाज आत आला. रोज भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा जीवरक्षकाचा संथ, सपाट आवाज.

"सूचना. लाल पिशवी घेऊन गेलेल्या गृहस्थांचं अधिक वर्णन पुढीलप्रमाणे. पाण्यात जाताना चष्मा काढून डाव्या चपलेत ठेवतात. पुस्तक उघडून बसतात, पण बाई पाण्यात असेपर्यंत पान उलटत नाहीत. हसू आलं की आधी दुसरीकडे बघतात. निघायची वेळ झाली की चटईवरची वाळू झटकायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावतात. आवाज चांगला आहे, पण फारसा वापरत नाहीत. कोणाला आढळल्यास मनोऱ्यापाशी आणावं. पाणी चढत आहे, मुलांना सांभाळावं."

सर्व्हेअर जागच्या जागी उभे राहिले. चोर म्हणून आपला पुकारा होतोय, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला, कारण आधी दुसरंच काहीतरी कळलं होतं. इतकी वर्षं नुकसान बघायला ते लोकांच्या दारात जात होते, पण त्यांच्याकडे इतक्या नीट कोणी पाहिलं नव्हतं. पान उलटत नाही, हे तर त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना आनंद झाला, एवढा, की डोळ्यांसमोरची फरशी जरा पुसट झाली.

"चला," जाडजूड गृहस्थ त्यांचा दंड धरून म्हणाले.

बाहेर जाडजूड गृहस्थांच्या पत्नी उभ्या होत्या. मनोऱ्यापर्यंतच्या वाटेवर त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ऐकलंत ना? आठवड्याच्या ओळखीत एवढं सगळं. उद्या मी हरवले, तर तुम्ही काय सांगाल?"

गृहस्थांनी चालता चालता प्रामाणिकपणे विचार केला. "रागावलेली असेल, असं सांगेन," ते म्हणाले. वाटेतल्या इतर छत्र्यांखालीही तोच प्रश्न विचारला गेला असावा, कारण बऱ्याच बायका गप्प बसल्या होत्या आणि बरेच नवरे समुद्राकडे बघत होते.

मनोऱ्याखाली बाई जीवरक्षकाचं केशरी जाकीट अंगावर घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. खाऱ्या पाण्यानेही होतात, म्हणून सर्व्हेअरांनी तर्क केला नाही.

"हेच का?" जीवरक्षकाने विचारलं.

"हेच."

"पिशवी खालून भिजली होती," सर्व्हेअर म्हणाले. "वाळवून आणली. उघडलेली नाही."

बाईंनी पिशवी घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "मला वाटलं, तुम्ही गेलात," त्या म्हणाल्या. पिशवी गेली असं त्यांनी म्हटलं नाही. ते सर्व्हेअरांच्या लक्षात आलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

जीवरक्षकाचं मात्र समाधान झालं नव्हतं. "सामान सांभाळायला तुम्हाला बसवलं होतं," तो म्हणाला. "मग लाट आली तेव्हा लक्ष कुठे होतं तुमचं?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. बाकावरचे चौघेही. हाच प्रश्न सर्व्हेअरांनी आजवर कितीतरी रखवालदारांना विचारला होता. उत्तर द्यायला जो वेळ घेतो तो खोटं बोलतो, हा त्यांचा अनुभव. बायको दारात उभी होती तेव्हाही त्यांनी असाच वेळ घेतला होता. या वेळी त्यांनी घेतला नाही.

"यांना नाव कसं विचारावं, त्याचा सराव करत होतो," ते म्हणाले. "डोळे मिटले होते. चूक माझीच आहे."

"सराव?" जीवरक्षक म्हणाला.

"हो. त्या उद्या जाणार आहेत."

बाईंनी जाकिटाची चेन वर ओढली, पुन्हा खाली ओढली.

"मग विचारा," त्या म्हणाल्या.

सर्व्हेअरांना तयार केलेल्या वाक्यातला एकही शब्द आठवेना. "नाव काय तुमचं?" ते म्हणाले, अगदी पोलिसी.

बाईंनी सांगितलं. मग यांनी आपलं सांगितलं. त्या भरात जीवरक्षकानेही स्वतःचं नाव सांगितलं, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मग तक्रार?" त्याने घसा साफ करून विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "पण ती मी यांच्याशीच बोलेन. बराच वेळ लागेल. उद्या सकाळी निघणं होईलसं वाटत नाही."

जीवरक्षकाने मान हलवली, मनोऱ्याची शिडी चढून तो वर गेला आणि त्याच संथ, सपाट आवाजात बोलू लागला.

"सूचना. बाईंचे गृहस्थ सापडले आहेत. पकडून ठेवलेल्या बाकीच्यांना सोडून द्यावं."

सर्व्हेअरांनी चमकून बाईंकडे पाहिलं. शिडी समोरच होती, वर जाऊन चूक दुरुस्त करून घेता आली असती. बाई खाली वाकून चपला घालत होत्या, आणि त्यांना कसलीही घाई दिसत नव्हती.