आधी कावळा, मग गिऱ्हाईक

कावळा शिवल्याशिवाय गोमाभाऊ पाटील गिऱ्हाइकाला ताट वाढत नसत. मी दहाव्याच्या पिंडाबद्दल बोलत नाही. रोजच्या जेवणाबद्दल बोलतोय. पनवेलच्या एसटी स्टँडासमोर त्यांची पत्र्याची खाणावळ होती. दारावरच्या फळीवर खडूने लिहिलेलं असे: 'इटालियन जेवण. सहा आणे. पोटभर.'

मूळचे ते जासईचे. दुसऱ्या महायुद्धात शिपाई म्हणून इटलीला गेले आणि येताना हा एक पदार्थ घेऊन आले. कणकेच्या लांब पट्ट्या उकडायच्या, त्यावर टोमॅटो-लसणाचा लाल रस्सा घालायचा. तिकडे वर चीज किसतात म्हणे. गोमाभाऊ सुक्या जवळ्याची पूड भुरभुरवत. "ह्या तर आमच्या चकोल्याच!" असं कुणी म्हटलं की ते भडकत. "चकोल्या तुमच्या घरी! हा रोमचा माल हाय!"

मी शाळामास्तर, एकटा, त्यामुळे दोन्ही वेळचा तिथलाच. सकाळी दहाला पहिला वाढा पळसाच्या पानावर मागच्या भिंतीवर जाई. आणि मग आम्ही दहा-बारा माणसं गप्प. मोरा बंदराचे मासळीवाले, ड्रायव्हर, कोर्टात आलेले पक्षकार, सगळे मागच्या दाराकडे बघत बसलेले. एक कावळा यायचा. पानापासून हातभर अंतरावर बसायचा आणि शिवायचा नाही. आमच्याकडे बघत राहायचा. समोर कंडक्टर घंटी मारायचा, एसटी सुटून जायची, पण उठायची कुणाची छाती होत नसे. शेवटी गोमाभाऊ भिंतीपाशी जाऊन हळूच म्हणत, "मांजा, नोना, मांजा." मांजा म्हणजे तिकडच्या भाषेत खा, नोना म्हणजे आजी. तरी नाही. मग हात जोडून म्हणत, "आज आला तर आज घालतो. सबूद देतो." की त्याच क्षणी कावळा चोच मारायचा. रोज, अगदी असंच. अंगावर काटा यायचा आणि भूकही लागायची.

कोण येणार, कुणाला घालणार, हे विचारायची सोय नव्हती. "तुमी जेवा गप," एवढंच उत्तर.

एके दिवशी अकराला शाळेत शिक्षणखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला यायचे होते. दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी कावळा ढिम्म. हात धुवायच्या निमित्ताने मी मागे गेलो, काटकीने पानावरच्या दोन पट्ट्या खाली ढकलल्या आणि ओरडलो, "भाऊ, शिवला!" कावळा तिथेच होता. त्याने मान तिरकी केली आणि एक डोळा माझ्यावर रोखला.

गोमाभाऊ पिठाच्या हातांनी बाहेर आले. "मी सबूद दिला नाय, तरी शिवला?"

"हो."

"तुमी बघितला, मास्तर?"

"डोळ्यांनी."

ते धुण्याच्या दगडावर मटकन बसले. "मंग जेवला तो," म्हणाले आणि रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. जखमी होऊन ते पलटणीपासून चुकले होते. एका म्हातारीने, म्हणजे त्यांच्या नोनाने, त्यांना तळघरात अकरा दिवस लपवून जेवू घातलं. तिचा मुलगा शिपाई होता, कैदी होऊन हिंदुस्थानात आलेला. म्हातारी त्याचा फोटो दाखवी, गोमाभाऊंच्या पोटावर हात ठेवी आणि मग तोच हात फोटोवर ठेवी. बाराव्या दिवशी घरावर तोफगोळा पडला. गोमाभाऊंनीच तिला पुरलं.

"कैदी परत धाडले म्हनतात. पन कावला सबुदाबिगर शिवत नव्हता. म्हंजी पोर हितंच कुठं उपाशी हाय. म्हनून रस्त्यावर दुकान टाकला, सहा आन्यांत ठेवला. परक्या मुलखातल्या पोराकडं पैसं कुठलं? आज कुठं तरी जेवला बघा."

मी तपासणीला वेळेवर पोचलो.

दुसऱ्या दिवशी फळी पुसलेली होती. इटालियन बंद, उसळ-पाव सुरू. गोमाभाऊंना झोप लागू लागली, अंग धरलं. माझं खोटं किती गुणी निघालं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. पण रोज सकाळी माझ्या खोलीच्या खिडकीसमोर कावळे बसू लागले. ओरडत नसत. बसत, एवढंच. मी खिडकी लावून घेई. सात वर्षं मी त्या खोलीत दिवसा दिवा लावून राहिलो आणि कुणाला काही बोललो नाही.

मग गोमाभाऊ आजारी पडले, खाटेला खिळले. मी भेटायला गेलो तर चेहरा नुसता उजळलेला. "मास्तर, आता मी मोकला. नोना भेटली की सांगीन, पोर जेवला तुजा. मास्तरांनी डोल्यांनी बघितला."

माझ्या साक्षीवर हा माणूस एका मेलेल्या आईला खोटं सांगायला निघाला होता. तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. काटकी, दिपोटी, सगळं सांगून टाकलं.

 गोमाभाऊ म्हणाले, "सात वर्सं पोर उपाशी ठेवलात."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले आणि खाटेवरून खाली सोडले. "पाया काय पडता? उठवा मला. आनि परात काढा. कनीक कोन मलनार, तुमचा दिपोटी?"

डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते. गोमाभाऊ दोन वर्षं जगले. शाळेआधी मी कणीक मळायचो, ते बसल्या जागेवरून अंगठ्याने दाबून बघायचे, "अजून मलून घ्या." भाव पुन्हा सहा आणेच. एकदा धीर करून विचारलं, "भाऊ, मला माफ केलंत ना?"

"मी कोन माफ करनार? तो जेवू दे. मंग त्यालाच इचारा."

आता खाणावळ मीच चालवतो. एसटीतून कुणी अनोळखी उतरला, जरा बिचकत आत आला, की त्याचं ताट मी स्वतः वाढतो आणि तो जेवून उठेपर्यंत समोर उभा राहतो. लोकांना ते चमत्कारिक वाटतं. काही जण अर्धवट जेवून निघून जातात.