मुंग्यांच्या पुस्तकाचं अपहरण

मी नुसतं डोळ्यांत डोळे घालून बघितलं तरी गुन्हेगार घडाघडा बोलायला लागतो, अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली असली, तरी ख्याती ती ख्यातीच. शोधक नजर, तल्लख बुद्धी, मांजराची पावलं आणि कॉलर वर केलेला लांब कोट, एवढं सगळं एका माणसात सहसा सापडत नाही. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, पण ते केवळ पोटासाठी. आजवरच्या माझ्या प्रकरणांपैकी हरवलेल्या चष्म्याचं प्रकरण, हरवलेल्या मोज्याचं प्रकरण आणि त्याच चष्म्याचं दुसरं प्रकरण ही विशेष गाजली. तिन्ही माझ्या बायकोने सोडवली. तिची पद्धत अगदीच अशास्त्रीय आहे. ती स्वयंपाकघरातून न हलता ओरडते, "जागेवर बघा!" यात कसलं आलंय डोकं?

त्या सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांचा विभाग सांभाळते.

"बाळ्या, असशील तसा ये. मुंग्या गेल्या!"

"अरे वा. औषध कुठलं मारलंस?"

"मुंग्यांचं पुस्तक रे, मेल्या!"

मी ताडकन उभा राहिलो. मुंग्यांचं पुस्तक म्हणजे ताईच्या विभागाचा जीव की प्राण. कोण्या एका कीटकवेड्याने फार पूर्वी पानापानावर हाताने मुंग्या रंगवल्या होत्या, त्याही इतक्या हुबेहूब, की पुस्तकाच्या पहिल्या मालकाने त्यातली एक अंगठ्याने चिरडायचा प्रयत्न केला होता. त्या अंगठ्याचा डाग अजून पानावर आहे. जगात एवढी एकच प्रत. त्याच दिवशी दुर्मिळ पुस्तकांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि प्रत्येक भित्तिपत्रकावर या पुस्तकातली मुंगी झळकत होती.

शिवाय कुलगुरू येणार होते. त्यांनी ताईला आधीच बजावलं होतं, "बाई, तुमच्या खोलीत चिटपाखरू फिरकत नाही. प्रदर्शनाला माणसं आली तर बघू. नाहीतर पुस्तकं तळघरात आणि त्या खोलीत कॉफीचं दुकान." ताईचं उभं आयुष्य त्या खोलीत गेलेलं. "कपबश्या विसळायला तरी ठेवतील मला," असं ती घरी हसत म्हणायची, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा ताई रिकाम्या काचपेटीपुढे उभी होती. "पुस्तक स्टँडवर उघडून ठेवलं आणि काच पुसायला फडकं आणायला गेले. परत येते तो स्टँड रिकामा! झाकण लावलंच नव्हतं अजून."

"त्या वेळी आत कोण कोण होतं?"

"पहारेकरी, बाइंडरबाई आणि आमचे सर."

सर म्हणजे ताईच्या आधीचे विभागप्रमुख. ताईला या कामाची मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली. आज त्यांचं भाषण होतं, म्हणून भल्या सकाळीच येऊन ते पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. हल्ली त्यांना माणसांची नावं आठवत नाहीत, पुस्तकांची मात्र सगळी आठवतात. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकं जागेवर लावली, तो कशाला पुस्तक पळवील? मी त्यांना तत्काळ संशयातून मुक्त केलं. गुप्तहेराला माणसांची पारख असावी लागते.

मी भिंग काढलं आणि जमिनीवर रांगू लागलो. काचपेटीपाशी पाऊल उमटलं होतं, सपाट आणि बिनटाचेचं. मी गरजलो, "गुन्हेगार घरातल्या सपाता घालून आला होता!"

ताईने मुकाट्याने पाय वर करून दाखवला. सकाळच्या धांदलीत ती घरातल्या सपातांवरच आली होती. मी ते पाऊल पुराव्यातून वगळलं, भिंग खुर्चीवर ठेवलं आणि पहारेकऱ्याला समोर उभं केलं.

"शर्टाच्या आत काय दडवलंय?"

"पोट आहे, साहेब."

"चांगलं जाडजूड ग्रंथाएवढं आहे!"

"लग्नानंतर सुटलंय, साहेब."

मी बोटाने दाबून पाहिलं. पोटच होतं. पहारेकरी माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत फाटकाकडे गेला.

मग बाइंडरबाई. त्यांची बोटं चिकट होती, आणि माझ्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत.

"सकाळपासून खळ लावतेय पुस्तकांना," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पुस्तक नकळत हाताला चिकटून गेलं असणार!"

"मग ते आत्ता हातालाच असतं ना हो?"

हा मुद्दा माझ्याही मनात येणारच होता. मी लगेच तिसरा सिद्धांत मांडला. "ताई, वाळवी! मुंग्या आणि वाळवी यांचं पिढीजात वैर. वाळवीने सूड उगवला."

"आणि स्टँड तेवढा ठेवला?"

"वैर पुस्तकाशी होतं. स्टँडशी नाही."

ताई मटकन खाली बसली. "बाळ्या, पुरे रे. नुसती खोली जाणार नाही, एवढ्या वर्षांचं पुस्तक माझ्या हातून गेलं म्हणतील." तिचे डोळे भरून आले होते. मला ताईचं रडणं बघवत नाही. लहानपणी माझ्या वाटचा ओरडा तिने कितीदा खाल्लाय. माझा कोट एकदम जड वाटायला लागला.

"सगळीकडे शोधलंस ना नीट?"

"लायब्ररीत हरवलेलं पुस्तक चुकीच्या जागीच सापडतं. कपाटांच्या मागे, परतीच्या ढकलगाडीवर, दुसऱ्या विषयांच्या फळ्यांवर... आम्ही एकूण एक चुकीच्या जागा पालथ्या घातल्या."

एवढ्यात माझी बायको ताईचे घरीच राहिलेले बूट घेऊन आली. "वन्सं, हे घाला आधी. त्या सपातांवर स्वागत करणार का कुलगुरूंचं? आणि रडताय कशाला?"

मी तिला थोडक्यात, म्हणजे तिन्ही सिद्धांतांसह, प्रकरण सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जागेवर बघितलंत का?"

मी कपाळावर हात मारला. "अगं, हरवलंय ते! जागेवर असतं तर हरवलं असतं का?"

पण ताई आणि बाइंडरबाई एकमेकींकडे बघत होत्या. मग दोघी आतल्या खोलीकडे पळाल्या. ताई एका बुटात आणि एका सपातेत. हे कसं अशक्य आहे ते समजावून सांगत मी मागोमाग धावलो.

मुंग्यांचं पुस्तक कीटकशास्त्राच्या फळीवर, आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या फुलपाखरांना टेकून निवांत उभं होतं.

ताईने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. ते फळीच्या कडेपासून बरोबर बोटभर आत सरकवलेलं होतं. "अशाने पाठ घासत नाही," ती पुटपुटली, "सर शिकवायचे." बोलता बोलता ती वळली, तर दारात कुलगुरू उभे होते.

"पुस्तक हरवलं म्हणून फाटकापर्यंत बोंब झालीये. आणि हे तर कपाटात! कोणी ठेवलं?"

ताईने बाहेर बसलेल्या सरांकडे पाहिलं, मग ओठ घट्ट मिटून घेतले. एवढ्या लोकांत, भाषणाच्या ऐन दिवशी, तिला त्यांचं नाव घ्यायचं नव्हतं. हे मला कळलं. आयुष्यात बरोबर आलेला माझा हा पहिला तर्क.

"मी ठेवलं," मी कॉलर सरळ करत म्हणालो.

"आपण कोण?"

"खासगी गुप्तहेर. सुरक्षेची परीक्षा घेत होतो. पहारा ढिसाळ आहे."

"अहो, पण सकाळी तर तुम्ही घोर..." बायकोने माझा चेहरा पाहिला आणि उरलेलं वाक्य गिळलं.

"असल्या माणसांना आत कोण सोडतं?" कुलगुरू म्हणाले. ताईने माझी बाही घट्ट धरली होती.

दालनात आलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. पोट दाबल्याचा राग म्हणून पहारेकऱ्याने पुस्तकचोरीची बातमी दिसेल त्याला मीठमसाला लावून सांगितली होती. प्रदर्शनाला एरवी कोणी आलं नसतं, पण चोरी बघायला सगळं विद्यापीठ लोटलं होतं. सर भाषणाला उभे राहिले.

"आज सकाळी मी आलो, तर मुंग्यांचं पुस्तक स्टँडवर उघडं टाकून कोणीतरी निघून गेलेलं! मी उचललं आणि जागेवर नेऊन ठेवलं. मी गेल्यापासून इथे शिस्त म्हणून राहिलेली नाही. अहो, पुस्तक जागेवर असलं तरच शोधणाऱ्याला सापडतं!"

आधी कुणाला कळेना, मग हशा आणि टाळ्यांनी दालन दणाणलं. ताई हसता हसता डोळे पुसत होती. कुलगुरूंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं.

नंतर ताईने पुस्तक पुन्हा पेटीतल्या स्टँडवर उघडून ठेवलं, तसे कुलगुरू पेटीवर वाकले. झाकण अजून लावलेलं नव्हतं. त्यांनी एकदम बोट पुढे करून मुंगी झटकायला घेतली.

"हात लावू नका!" ताई ओरडली.

कुलगुरूंनी शाळकरी पोरासारखा हात मागे घेतला. "हलली हो ती," ते म्हणाले. "मी बघितली." मग ते तिथून हलेचनात. शेवटी मागच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "साहेब, पुढे सरका, आम्हालाही बघू द्या." कॉफीचं दुकान आता जिन्याखाली होणार आहे.

निघताना मला माझं भिंग सापडेना. मी पहारेकऱ्याकडे संशयाने बघायला लागलो, तर बायकोने नुसतं बोट दाखवलं. सरांना ते खुर्चीवर दिसलं होतं, आणि ग्रंथालयातल्या भिंगाची जागा काचपेटीशेजारी असते. ते तिथे दोरीने नीट बांधलेलं होतं. लोक रांग लावून त्यातून मुंग्या बघत होते.

"सोडवून देऊ का रे?" ताईने विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "जागेवर आहे."