बोलायची घाई नसलेल्या बाई

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या जाधव बाई वर्गात एकट्याच बोलतात. पोरं गप्प असतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? पण इतर ठिकाणी पोरांनी बोलावं म्हणून मास्तर घसा फोडतो. बाईंनी मात्र आपल्या वर्गाला इंग्रजीच्या तासाला गप्प बसायची रीतसर परवानगी देऊन ठेवली आहे.

विट्याजवळच्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा वर्ग त्यांच्या शेजारी. मधली भिंत नावाला. मी गणित शिकवत असतो आणि पलीकडून धार सुरू असते, "नाऊ आय ॲम ओपनिंग द विंडो. इट इज नॉट ओपनिंग. व्हेरी बॅड विंडो!" मग धाडकन आवाज आणि पोरांचा हशा. पिशवीतून त्या रोज वांगी, कुलूप, लाटणं असलं काहीबाही काढतात आणि त्याच्याशी इंग्रजीत भांडतात. "ब्रिंग द लॉक" म्हटलं की एखादं पोर कुलूप नेऊन देतं. झालं! त्याने तोंड उघडलंच पाहिजे असं नाही. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, चुकीचं बोलावं, नाक पुसत बोलावं. बाकीच्यांना सवड.

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, ही पोरं बोलणार कधी?"

"मुरू द्या की सर. लोणचं घातलं की दुसऱ्या दिवशी बरणीत बोट घालता व्हय?"

मी घालतो. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात. पण ते काही मी बाईंना सांगितलं नाही.

पाहुण्यांपुढे पोराला उभं करून इंग्रजी वदवून घेणारा माणूस म्हणजे बाईंचा सात जन्मांचा वैरी. आमच्याकडची बरीच माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. लग्नसराईत ती गावी येतात आणि भाच्या-पुतण्यांची परीक्षा घेतात. असेच एक मदुराईवाले पाहुणे एका लग्नात आइस्क्रीमची वाटी उंच धरून पुतण्याला म्हणत होते, "एबीसीडी म्हणून दाव, मगच देतो." पोर रडकुंडीला आलं. बाई भरल्या ताटावरून उठल्या, हाताला मसालेभात तसाच.

"आवं पाव्हणं, आदी तुमी एक तमिळ गाणं म्हणा बगू."

पाहुणे चपापले. "मला समाजतंय समदं. पर बोलाय जमत न्हाई."

"मग त्याला बी समाजतंय. द्या ती वाटी."

यंदा मात्र हा हट्ट बाईंच्या अंगाशी आला. जूनमध्ये बाईंच्या दुसरीच्या वर्गात स्वरा नावाची मुलगी आली. तिचे वडील संभाजीराव यांचं सेलमला गलाईचं दुकान. तिथल्या शाळेत इंग्रजी कविता अडली म्हणून तिला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. तेव्हापासून घरी चुरुचुरु बोलणारी ही पोर शाळेत मूग गिळून बसायची. म्हणून आई तिला घेऊन गावी राहायला आली होती. बाईंचा जीव त्या पोरीत गुंतला. आणि संभाजीरावांनी फोनवरून बजावलं, "दिवाळीला येतोय. तवा पोरीनं माझ्याम्होरं इंग्लिश बोलाय पायजे. न्हाईतर इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवणार."

"चार वाक्यं पाठ करून घ्या," मी बाईंना म्हणालो. "बापाचं समाधान होईल, पोर आपल्याकडेच राहील."

"पुन्यांदा उभी केली तर पुन्यांदा मिटंल ती," बाई म्हणाल्या. विषय संपला. मला थोडा रागच आला. चार वाक्यांनी कुणाचं काय बिघडत होतं?

दिवाळीआधी पालकांची सभा झाली. संभाजीराव पहिल्या रांगेत, स्वराची आई रूपाली मागे दाराशी. संभाजीरावांनी पोरीला पुढे बोलावलं. "बोल, स्वरा." पोर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. बाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"झालं तर मग," संभाजीराव म्हणाले. "दिवाळी झाली की न्हाई येणार ती हितं."

बाईंचे डोळे भरले. त्यांना शब्द शोधताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मी अथणीकडची," त्या म्हणाल्या. मी उडालोच. बाईंची बोली ऐकून त्यांचं माहेर कर्नाटकात असेल असं कुणाला वाटलं नसतं. "लगीन हून आले, तवा मराठीचा एक सबुद येत न्हवता. हळूहळू समदं कळाय लागलं, पर तोंड उघडलं की घर हसायचं. पावणं आलं की मला म्होरं बोलवायचं, 'बोल की गं', आन पुन्यांदा हसायचं. मग मी तोंडच मिटलं. मालक मिलिटरीत. सासूला वाटलं, मुकी सून गळ्यात पडली. शेजारच्या सखूआक्का मला शेतात भांगलायला घिऊन जायच्या. दिसभर त्याच बोलायच्या, हे तण, ही माती, ही माझी मेली कंबर. पर मला कवा काय इचारलं न्हाई. मग एक दिस मीच बोलले."

"काय बोललात?" मी विचारलं.

"पाणी प्या, म्हनलं."

संभाजीराव घसा खाकरून म्हणाले, "ते खरं हो, पर आमच्या पोरीचं..."

"पोर हितंच ऱ्हाईल." आवाज दाराकडून आला. रूपाली पदर घट्ट धरून उभी होती. "सेलममदी मी बी गपच हुते. तुमी दुकानात. शेजारीण दारात येऊन तमिळमदी काय काय बोलायची, मी नुसती हासायची. मग ती यायची बंद झाली. तवापास्नं दिसभर भिंतीकडं बगत बसायची मी."

संभाजीराव बायकोकडे बघतच राहिले. "मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी बी हासला असता."

त्यांनी मान खाली घातली. इंग्लिश मीडियमचं नाव पुन्हा काढलं नाही.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा रूपाली पोरीला सोडायला आली आणि दारातच रेंगाळली. बाईंनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. मी मुद्दाम डोकावून पाहिलं. रूपाली त्या छोट्या बाकात गुडघे अडकवून बसली होती. पुढे बाई स्वराची सुटलेली वेणी घालत होत्या आणि केस, गुंता, कंगवा सगळ्यांविषयी इंग्रजीत बोलत होत्या. रूपाली हळूच उठून पुढे गेली आणि खाली पडलेली रिबन उचलून तिने बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली, बोलणं तसंच चालू ठेवलं आणि तिला काहीही विचारलं नाही.