बावीस नंबरचं प्रेत

कला ही दैवी देणगी आहे, असं बाहेरचे लोक म्हणतात. आमच्या लालबागच्या चाळीत ती खोलीबरोबर मिळते. गणपतीतल्या नाटकात कोणी काय करायचं हे गिरण्या चालू असतानाच ठरलं आणि ते पगडीच्या पावतीइतकं पक्कं आहे. नऊ नंबरकडे नायक. अकराकडे खलनायक. सात नंबरकडे पोलीस (टोपी त्यांच्याच माळ्यावर असते). खोली विकली की भूमिकाही गेली. या पद्धतीमुळे भांडणं होत नाहीत, फक्त नाटकं वाईट होतात.

आमच्या पाहणीनुसार चाळीत अभिनय येणारे दोन टक्के आणि काम मिळणारे साठ टक्के. दोन्हीकडे तेच लोक नाहीत, यावरून कारभार किती निःपक्षपाती आहे ते कळावं.

बावीस नंबरकडे प्रेत आहे. गुणाजी परब दर गणपतीत मेले. "मराक सुद्धा येवक व्हया," असं ते ऐटीत सांगायचे. त्यांचा हक्क बुडू नये म्हणून आम्ही लग्नाच्या विनोदी नाटकातसुद्धा एक प्रेत ठेवत आलो. आता ते काम त्यांच्या नातीकडे, आकांक्षाकडे आहे. पोरगी कॉलेजात एकांकिकांची बक्षिसं मारून आलेली, पण चाळीत मिशी लावून चटईवर पडते. यंदा चाळ पाडायची म्हणून हे शेवटचं नाटक. तिने अध्यक्ष जगदीशभाऊंना विनवलं की एकदा, फक्त एकदा बोलायचं काम द्या. भाऊंनी मायेने सांगितलं की नऊ नंबर विकत घे, नाहीतर तिथे सून म्हणून जा. (तिथला हितेंद्र विवाहित आहे. पण नियम तो नियम.)

हा हितेंद्र नवीन, नऊ नंबर विकत घेऊन आलेला बिल्डरचा माणूस. चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरमध्ये कोणाला कुठला मजला द्यायचा, ते त्याच्या हातात आहे. बाकी हात कुठे ठेवायचे हे त्याला स्टेजवर शेवटपर्यंत कळलं नाही.

नाटक सुरू झालं. बापाच्या प्रेताजवळ मुलाने टाहो फोडायचा होता. हितेंद्र आला आणि गप्प उभा राहिला. विंगेत शांताकाकू प्रॉम्प्टिंगला होत्या (खोली चौदा), त्यांचा डोळा लागलेला. प्रेताने हळूच वाक्य सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं. तो घाबरून मागे सरला. मग प्रेत उठून बसलं.

"रडू नको रे बाळा," ते म्हणालं. "मी तर मेलोय. आता तोंड तुलाच उघडायला लागेल."

आणि मुलाचा अख्खा टाहो बापानेच फोडला. पहिल्या रांगेत कमलाबाई मोदकांच्या गप्पा सोडून हुंदके देऊ लागल्या. असं काम आमच्या चाळीने कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

समितीने लगेच दखल घेतली. प्रेताने हक्काबाहेर बोलून नियमभंग केला, सबब शेवटच्या प्रवेशात चटईवर तिच्याऐवजी लोड ठेवावा, असं ठरलं. मग उत्कृष्ट अभिनयासाठी हात वर करायला सांगितलं. हितेंद्रचं नाव पुकारलं गेलं आणि सगळा मंडप हातांनी भरला.

आकांक्षाने मिशी काढली. "एकाने तरी माझ्याकडे बघून हात वर करा," एवढंच ती म्हणाली.

तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. डोळे तुमचेही पुसून झाले नव्हते. पण रुमाल डाव्या हातात होता, म्हणून उजवा वर करायला अडचण आली नाही. मजला कितवा मिळाला?