सिस्टरांचा सराव

आमच्या कसबा पेठेतल्या इमारतीत फ्लूची लस घ्यायला पुढच्या दारानं जायचं आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं. चुकून पुढूनच परत निघालेल्या एका गृहस्थांना कांबळे सिस्टरांनी पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं होतं, टोचून झालेलं असूनही.

सिस्टर महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. माझ्या शेजारच्या घरात एकट्या राहतात. दर जूनमध्ये डॉक्टरांना बोलावून पार्किंगमध्ये शिबिर भरवतात. स्कूटर हलवा, खुर्च्या दोन हातांच्या अंतरावर मांडा, वहीत नाव लिहा, टोचल्यावर अर्धा तास गप्प बसा. एवढं कशाला, म्हटलं की उत्तर ठरलेलं. "हा नेहमीचा फ्लू आहे. उद्या नवा येईल, सगळ्या जगाला झोपवेल. तेव्हा खुर्च्या शोधत बसणार का?"

कोरोनात त्यांचं म्हणणं खरं ठरलं. कोण एकटं राहतं, कोणाला जिना उतरवत नाही, सगळं वहीत तयार होतं. औषधं, डबे बिनबोभाट पोचले. शाबासकी मात्र सोसायटीचा अध्यक्ष म्हणून मी घेतली.

तरीही त्यांच्या फोनची मला चीड होती. शिबिरानंतर आठवडाभर रोज सकाळी प्रत्येकानं वहीत नेमून दिलेल्या जोडीदाराला फोन करून तब्येत विचारायची आणि वहीत नोंद करायची, असा त्यांचा नियम. माझ्या जोडीदार त्याच. "देशपांडे, ताप? हात दुखतोय?" भिंत इतकी पातळ, की हा प्रश्न फोनशिवायही ऐकू यायचा. मी घरात सांगून ठेवलं होतं, सिस्टरांचा सराव चाललाय, वाजू दे.

गेल्या जूनमध्ये शिबिराच्या तिसऱ्या दिवशी फोन लागोपाठ तीनदा वाजला. मी तो पालथा घातला आणि क्रिकेट बघत पोहे खाल्ले. तासाभरानं त्यांच्या कामवाल्या मावशी रडत आल्या. साखर एकदम उतरून सिस्टर स्वयंपाकघरात पडल्या होत्या. तोंडातून आवाज फुटत नव्हता, फोन हातातच होता.

त्या वाचल्या. मला मात्र जिन्यात कोणी भेटलं तरी मान वर करवेना. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो. त्या पलंगावर बसून वहीच्या राहिलेल्या नोंदी पुऱ्या करत होत्या. माझ्या नावापुढे, त्या दिवसाच्या रकान्यात ताज्या शाईनं लिहिलं होतं, 'बाहेर गेले असतील.' मागची पानं चाळली. मी न उचललेल्या प्रत्येक फोनपुढे तेच.

"सिस्टर, मी घरातच होतो," मी कसंबसं म्हणालो.

"माहीत आहे. टीव्ही ऐकू येत होता."

"मग असं का लिहिलंत?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"वही सगळ्यांच्या हातात जाते, देशपांडे. पुढच्या वेळी उचला."