मोघेकाकांची फरशी

मोघेकाका कुणाच्याही घरी गेले की यजमानांआधी फरशीकडे बघतात. खिशातून भिंग काढतात, गुडघ्यांवर बसतात आणि मान वर न करता म्हणतात, "संशयाला जागा आहे."

दिल्लीत, मुनिरकाच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहतात. सरकारी खात्यात भूगर्भतज्ज्ञ होते. उमेदीची वर्षं राजस्थानात गेली. जैसलमेरचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक पिवळा दगड त्यांना बनावट वाटतो. एकदा सरोजिनी नगरला आम्ही पडदे घ्यायला गेलो, तर काका दुकानाच्या पायरीवर ओणवे. दुकानदाराने संशयाने विचारलं, "अंकलजी, क्या ढूँढ रहे हो?"

"समुंदर," काका शांतपणे म्हणाले. पडदे दुसरीकडे घ्यावे लागले.

आमच्या जिन्यासमोरची फरशी मात्र अस्सल. "हा ज्युरासिक काळातल्या समुद्राचा तळ आहे. तुम्ही तो तुडवत रोज मानेसरला जाता," ते मला ऐकवत. तिथल्या एका फरशीत अमोनाइट होता, म्हणजे शंखासारखी गुंडाळी झालेला जीवाश्म. वर्षानुवर्षं झिजून तो चांगला उठून आला होता. त्यावर कुणाचा पाय पडला की काका खिडकीतून खाकरत.

गेल्या महिन्यात सोसायटीने तिथे टाइल्स घालायला घेतल्या. काका ठेकेदारावर दिवसभर पाळत ठेवून. "हा दगड पळवणार बघा." दुसऱ्या दिवशी नेमकी अमोनाइटची फरशी गायब.

"मैंने नहीं ली जी," ठेकेदार म्हणाला.

सेक्रेटरी मला हळूच म्हणाले, "यार, मोघेंनीच नेली असणार." मलाही तेच वाटत होतं.

आम्ही बेल वाजवली. काका नेहमी दारातूनच बोळवण करत. आतलं घर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"काय काम आहे?"

"ती फरशी," सेक्रेटरी म्हणाले.

काका जरा मागे सरकले. मग दार पूर्ण उघडलं.

आत काकू पलंगावर बसल्या होत्या. समोर स्टुलावर फरशी. काकूंची नजर गेल्याचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांचं बोट गुंडाळीवरून सावकाश फिरत होतं.

"लग्नानंतर चार वर्षं तंबूत काढली आम्ही," काका म्हणाले. "हे शंख माझ्याआधी हिलाच दिसायचे."

"कोण आलंय हो?" काकूंनी विचारलं.

"शेजारी आहेत. फरशी बघायला आलेत."

काकू बाजूला सरकल्या. "मग बसा ना. बाहेरून सुरू करा, हळूहळू आत जा."

सेक्रेटरींनी चपला काढल्या, स्टुलाशी बसले आणि डोळे मिटून बोट पुढे केलं.